स्ट्रक्चरल इंजिनिअरचं कपाट : कोड, हँडबुक आणि पुस्तकं कशी जमवावीत, कशी वापरावीत

दादर-माटुंग्यात किंवा ठाण्यात कुठल्याही कन्सल्टंटच्या ऑफिसात नवा मुलगा रुजू झाला की आठवड्याभरात कुणीतरी त्याच्या हातात पेन ड्राइव्ह ठेवतं. ‘यात सगळं आहे.’ आणि खरंच सगळं असतं: आयएस ४५६ (काँक्रीटच्या डिझाइनचं भारतीय मानक, म्हणजे ‘कोड’) च्या तीन फाइल्स, त्यातली एक १९७८ ची, स्टीलच्या आयएस ८०० ची जुनी आणि नवी दोन्ही, अर्धवट स्कॅन झालेलं एखादं परदेशी हँडबुक, आणि कुणाच्या तरी कॉलेजच्या नोट्स. चार-पाच जीबीचं हे धन उघडून कुणी बसत नाही. गरज पडली की सर्च मारायचा, जी फाइल आधी उघडेल तिच्यातला आकडा उचलायचा आणि पुढे जायचं.

प्रूफ चेकिंगला, म्हणजे दुसऱ्या इंजिनिअरकडे तपासणीला, डिझाइनची शीट गेली की मात्र पंचाईत होते. चेकर आकड्यावर फार वाद घालत बसत नाही. तो विचारतो, ‘हे कुठून घेतलं?’ कोड कुठला, साल कुठलं, कलम कुठलं. संदर्भाचं कपाट या प्रश्नाला उत्तर देता यावं म्हणून असतं. खाली जे क्रमाने सांगितलंय ते याच बेताने: आधी कामाची यादी, मग कोड, मग कोड उलगडणारी हँडबुकं, आणि पाठ्यपुस्तकं त्यानंतर. बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात, आधी जाडजूड पुस्तकं घेतात आणि कोड कुणाचा तरी मागून आणतात.

पायरी पहिली : कपाट कुणासाठी, ते ठरवा

डिझाइन ऑफिस, साइट, बिलिंग, आणि जुन्या इमारतींचं ऑडिट-दुरुस्ती या चार कामांची कपाटं वेगवेगळी असतात. साइटवरच्या इंजिनिअरने डायनॅमिक्सचं पुस्तक घेऊन ठेवलं तर त्यावर धूळच बसणार. त्याला मोजमापाचा आयएस १२०० आणि सळई वाकवण्याचा आयएस २५०२ रोज लागतात. बिल्डिंग डिझाइन करणाऱ्याला रस्ते आणि पुलांचे आयआरसी (इंडियन रोड्स काँग्रेस) कोड विकत घेण्याची गरज नाही, लागले तर आयआरसी ६ आणि आयआरसी ११२ तेवढ्यापुरते बघता येतात. पाणीपुरवठा, मलनिस्सारण आणि पावसाच्या पाण्याचा निचरा यांसाठी केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ या संस्थेची मॅन्युअल्स आहेत, ती फुकट उतरवून घेता येतात. निचऱ्याचं मॅन्युअल २०१९ चं आहे. मुंबईत काम करणाऱ्याने ते चाळून ठेवलेलं बरं, कारण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हापासून इथे प्लॉटच्या निचऱ्याबद्दल कुणीही प्रश्न विचारू शकतं.

यापुढचा बहुतेक मजकूर इमारतींचं डिझाइन आणि ऑडिट करणाऱ्यांसाठी आहे.

पायरी दुसरी : मूळ कोड, आणि ते अधिकृत मार्गाने

भारतीय मानक ब्युरोने बहुतेक भारतीय मानकं आता त्यांच्या पोर्टलवर नोंदणी करून मोफत डाउनलोड करू दिली आहेत. त्यामुळे कुणाकडून तरी आलेली धूसर स्कॅन वापरायला आता काही निमित्त उरलेलं नाही. नोंदणी करा, क्रमांक टाका, फाइल घ्या. फाइलच्या नावात क्रमांक आणि साल दोन्ही ठेवा. छापील प्रत हवी असेल किंवा काही विचारायचं असेल तर मुंबईत ब्युरोचं पश्चिम विभागीय कार्यालय आहे, जाण्याआधी पत्ता तपासून घ्या.

सुरुवातीला एवढे पुरतात: आयएस ४५६:२००० काँक्रीटसाठी, आयएस ८७५ चे भाग १, २, ३ आणि ५ भारांसाठी (चौथा बर्फाचा आहे, तो मुंबईकराने निवांत सोडावा), आयएस १८९३ भाग १ भूकंपासाठी, आयएस १३९२० डक्टाइल डिटेलिंगसाठी (भूकंपात इमारत एकदम तुटू नये अशी सळईची मांडणी), आयएस ८००:२००७ स्टीलसाठी, आयएस १०२६२:२०१९ मिक्स डिझाइनसाठी (काँक्रीटमधल्या घटकांचं प्रमाण), आयएस १७८६:२००८ सळईसाठी. ५० मीटरच्या वर जाणारा टॉवर हातात असेल तर आयएस १६७०० सुद्धा, आणि हल्ली परळ-वरळीत त्याहून खालचं काम शोधावंच लागतं.

फाइल हातात आली की पहिल्या तासात एकच काम करा: सुधारणा पत्रकं शोधा. आयएस ४५६ चं मुखपृष्ठ आजही २००० सालच दाखवतं, पण त्यानंतर त्यात अनेकदा दुरुस्त्या झाल्या आहेत. छापील प्रतीत जिथे जिथे बदल झालाय त्या ओळीशेजारी पेन्सिलीने खूण करा, पत्रकाचा क्रमांक लिहा. हे कंटाळवाणं आहे, दुपार जाते. पण पुढे कुणी ‘अमेंडमेंट बघितली का’ विचारलं की मान वर करून हो म्हणता येतं.

साल का तपासायचं, याचं मुंबईतलं सगळ्यात बोलकं उदाहरण कॉलमचं आहे. भिंतीत लपेल असा २३० मिलिमीटर जाडीचा कॉलम इथल्या फ्लॅटवाल्यांचा आणि आर्किटेक्टचा आवडता. आयएस १३९२० च्या १९९३ च्या आवृत्तीत कॉलमची किमान बाजू २०० होती. बीमचा गाळा ५ मीटरच्या वर किंवा कॉलमची मोकळी उंची ४ मीटरच्या वर गेली तरच ३०० लागत असे. २०१६ च्या आवृत्तीने ती सवलत काढून किमान ३०० केली. मुंबई तिसऱ्या भूकंपक्षेत्रात येते, २०१६ च्या आयएस १८९३ प्रमाणे झोन फॅक्टर (क्षेत्रातल्या भूकंपाची तीव्रता दाखवणारा गुणक) ०.१६, तेव्हा हा नियम इथे लागू. जुनं पुस्तक समोर ठेवून २३० चा कॉलम काढणारा मुलगा गणितात कुठेच चुकलेला नसतो, तरी ड्रॉइंग परत येतं. भूकंपाच्या कोडमध्ये तर अलीकडे इतकी हालचाल आहे की प्रत्येक नवं काम हातात घेताना पोर्टलवर चालू आवृत्ती बघूनच डिझाइन बेसिस रिपोर्टचं, म्हणजे डिझाइन कशाच्या आधारावर ते सांगणाऱ्या अहवालाचं, पहिलं पान लिहावं.

वाऱ्याचंही तसंच. आयएस ८७५ च्या भाग ३ मध्ये मुंबईचा वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद, हा १९८७ मध्येही तोच होता आणि २०१५ मध्येही तोच राहिला. त्यावरून ‘काही बदललं नाही’ असं समजू नका. ०.६ गुणिले ४४ चा वर्ग केला की जवळपास १,१६२ न्यूटन प्रति चौरस मीटर दाब मिळतो, पण २०१५ च्या आवृत्तीत के-४ हा महत्त्वाचा गुणक आला आणि दाब कमी करणारे आणखी गुणकही आले. के-४ चक्रीवादळाच्या पट्ट्यासाठी आहे. हा पट्टा म्हणजे पूर्व किनारा आणि गुजरातचा किनारा, साठ किलोमीटरपर्यंत आत; त्यामुळे मुंबईत तो १ धरला जातो. समुद्र दिसतो म्हणून कुणी तो वाढवून ठेवला तर विचारणारा विचारेलच.

पायरी तिसरी : कोड वाचायचा कसा

कोड पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारा माणूस अजून भेटलेला नाही, आणि त्याची गरजही नाही. एखादं साइटवरचं वाक्य पकडायचं आणि ते कोडमध्ये कुठे बसतं ते शोधायचं, ही वाचायची खरी पद्धत.

उदाहरणार्थ, ‘लॅप पन्नास डी ठेवा.’ म्हणजे दोन सळया जोडताना त्या व्यासाच्या पन्नास पट लांबीभर एकमेकींशेजारी ठेवा. मुंबईच्या कुठल्याही स्लॅबवर फिटरच्या, म्हणजे सळई बांधणाऱ्याच्या, तोंडी हे वाक्य ऐकू येतं. आयएस ४५६ चं कलम २६.२.१ उघडा. डेव्हलपमेंट लेंग्थ (सळई काँक्रीटमध्ये घट्ट धरून राहायला लागणारी लांबी) म्हणजे सळईचा व्यास गुणिले सळईतला ताण, भागिले बाँड स्ट्रेसच्या (काँक्रीटच्या सळईवरच्या पकडीच्या) चौपट. एफई ५०० प्रतीच्या सळईसाठी ताण ०.८७ गुणिले ५००, म्हणजे ४३५. बाँड स्ट्रेसचा तक्ता लगेच खाली आहे: एम२० (एम म्हणजे काँक्रीटची प्रत) ला १.२, एम२५ ला १.४, एम३० ला १.५, रिब असलेल्या सळईला यात ६० टक्के वाढ. गणित करा: एम३० ला साधारण ४५ पट, एम२५ ला ४८ ते ४९ पट, आणि एम२० ला ५७ पट. म्हणजे १६ च्या सळईला पन्नास डी म्हणजे ८०० मिलिमीटर. एम२५ आणि एम३० मध्ये चालतात, एम२० मध्ये शंभरहून जास्त मिलिमीटर कमी पडतात. फिटर चुकीचं बोलत नव्हता, तो ज्या काँक्रीटवर हे शिकला ते काँक्रीट वेगळं होतं. आता त्याच पानाच्या आसपास वाचत जा: कॉम्प्रेशनमधल्या सळईला बाँड २५ टक्के वाढतो, थेट ताणात लॅप दुप्पट लागतो, ३६ मिलिमीटरच्या वरच्या सळईला लॅप टाळायचा. एका वाक्याच्या निमित्ताने चार कलमं वाचून झाली.

दुसरं वाक्य: ‘कव्हर पंचवीस’, म्हणजे सळईवर २५ मिलिमीटर काँक्रीटचा थर. इथे मुंबईकराने आयएस ४५६ चा तक्ता ३ समोर ठेवून प्रत्येक शब्द नीट वाचावा; वातावरण किती मारक, याचे वर्ग त्यात आहेत. किनाऱ्यावरचं वातावरण लागणारं काँक्रीट ‘सिव्हिअर’ मध्ये येतं. समुद्राच्या पाण्याचे तुषार उडत असतील तर ‘व्हेरी सिव्हिअर’. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात असेल तर ‘एक्स्ट्रीम’. खारट हवेपासून आडोशाला असलेलं मात्र ‘मॉडरेट’. तक्ता ५ प्रमाणे सिव्हिअरला किमान एम३०, पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५, सिमेंट किमान ३२० किलो. तक्ता १६ प्रमाणे कव्हर ४५. एम३५ किंवा त्यावर गेलात तर ५ मिलिमीटर कमी करता येतात. आगीसाठीचं कव्हर तक्ता १६अ मध्ये वेगळं आहे, दोन्हींतलं जास्त ते घ्यायचं. आता वर्सोव्याच्या एखाद्या इमारतीचा छज्जा आणि त्याच इमारतीच्या आतल्या खोलीचा स्लॅब एकाच कव्हरने बांधायचे की नाही, हे तुम्ही ठरवणार. तक्ता तुम्हाला भाषा देतो, निर्णय सहीवाल्याचा. पण रिपोर्टात ‘छज्जा सिव्हिअर, आतला स्लॅब मॉडरेट, म्हणून कव्हर असं’ अशी एक ओळ लिहिली की पुढचा वाद संपतो.

भारांच्या कोडच्या, म्हणजे आयएस ८७५ च्या, भाग २ मध्ये एक गंमत आहे, तीही सांगून टाकतो. राहत्या खोलीला २ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, बाल्कनीला ३, आणि ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या मांडण्या असलेल्या खोलीला ६, तेही २.२ मीटर उंचीपर्यंत. त्यावर प्रत्येक मीटरला आणखी २. घरात भिंतभर पुस्तकं लावायची हौस असलेल्यांनी ते वाचावं.

पायरी चौथी : एसपी मालिका, आणि तिच्या मर्यादा

कोडनंतर ब्युरोच्याच एसपी (स्पेशल पब्लिकेशन) हँडबुकांकडे या. एसपी १६ (१९८०) म्हणजे डिझाइनचे तक्ते आणि आलेख, एसपी २४ (१९८३) म्हणजे आयएस ४५६ मागची कारणं, एसपी ३४ (१९८७) म्हणजे डिटेलिंग. तिन्ही १९७८ च्या कोडवर आधारलेली. तरीही ती टाकाऊ नाहीत, कारण वाकणाऱ्या सेक्शनचं मूळ गणित २००० मध्ये बदललं नाही.

एसपी १६ वापरताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली, बीमच्या सुरुवातीच्या तक्त्यांत काँक्रीट एम३० पर्यंतच आहे. एम३५, एम४० साठी सूत्रच लावा, तक्त्यावरून अंदाजे ‘पुढे ओढू’ नका. दुसरी जास्त नाजूक. कॉलमचे आलेख सळईच्या मध्यापर्यंतच्या कव्हरच्या आणि बाजूच्या गुणोत्तरावर आहेत: ०.०५, ०.१०, ०.१५, ०.२०. पुस्तकातल्या उदाहरणांत ०.१० चा आलेख दिसतो, कारण तिथे कॉलम मोठा आणि कव्हर कमी. मुंबईतला ३०० चा कॉलम घ्या: कव्हर ४५, रिंग ८ ची, २० च्या सळईचा अर्धा १०. झाले ६३. ६३ भागिले ३०० म्हणजे ०.२१. आलेख ०.२० लाच संपतो! इथे ०.१० चा आलेख उघडून स्टील काढणारे लोक आहेत, आणि त्यांचं स्टील कमी येतं. अशा वेळी एकतर कॉलम मोठा करा, नाहीतर इंटरॅक्शन आलेख (कॉलम भार आणि वाकण एकत्र किती पेलतो ते दाखवणारा) स्वतः काढा. सॉफ्टवेअर तो काढतं, पण त्यात कव्हर कुठलं भरलंय ते बघायला विसरू नका. मॉडेल कॉपी करताना आधीच्या प्रोजेक्टचं ४० तसंच राहिलेलं असतं.

एसपी ३४ मधली ड्रॉइंग्ज सुंदर आहेत, नव्या ड्राफ्ट्समनला हेच पुस्तक द्यावं. पण ते आयएस १३९२० येण्याच्या आधीचं आहे. भूकंपाचं डिटेलिंग, रिंगांचे हूक, बीम-कॉलम जोड हे सगळं १३९२० मधूनच घ्या.

भूकंपासाठी आयआयटी कानपूर आणि गुजरात राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मिळून तयार केलेल्या मार्गदर्शिका आणि सोडवलेली उदाहरणं इंटरनेटवर मोफत आहेत. त्यातलं सहा मजली इमारतीचं उदाहरण पायरी पायरीने सोडवलेलं आहे. ते २००२ च्या आयएस १८९३ वर आहे, म्हणून आकडे जसेच्या तसे उचलायचे नाहीत; रीत मात्र शिकण्यासारखी आहे. वही घेऊन, तीच इमारत चालू कोडप्रमाणे पुन्हा सोडवणं हा एखाद्या महिन्याच्या क्लासपेक्षा चांगला अभ्यास आहे.

पायरी पाचवी : पाठ्यपुस्तकं, विषयाला एक

एका विषयाची तीन पुस्तकं घेतली की तिन्ही अर्धी वाचून होतात. एक घ्या, पूर्ण झिजवा.

आरसीसीसाठी (सळई घातलेल्या काँक्रीटसाठी) महाराष्ट्रात शाह आणि कर्वे यांचं पुण्याहून निघालेलं पुस्तक पिढ्यानुपिढ्या चाललंय, आणि त्यांचंच इमारतीच्या सचित्र डिझाइनचं दुसरं पुस्तक तर ऑफिसच्या कामासाठी बेतल्यासारखं आहे: स्लॅबपासून फुटिंगपर्यंत एकच इमारत. पदवीला चांगला पाया हवा असेल तर पिल्लई-मेनन. दोन्ही हातांशी असतील तर पहिलं टेबलावर आणि दुसरं घरी. एन. सुब्रमणियन यांची काँक्रीट आणि स्टील अशी दोन्ही पुस्तकं जाड आहेत, पण ‘हे कलम असं का’ याचं उत्तर त्यात बहुधा सापडतं. स्टीलचं कुठलंही पुस्तक घेताना ते आयएस ८००:२००७ वर आहे ना हे मुखपृष्ठावरच वाचा. १९८४ चा कोड वर्किंग स्ट्रेसचा होता (रोजच्या भाराखालचा ताण मर्यादेत ठेवायचा), नवा लिमिट स्टेटचा (वाढवलेल्या भाराला शेवटची ताकद पुरते का बघायचं). जुनं पुस्तक अर्ध्या किमतीत मिळालं म्हणून घेतलं तर अर्धं शिक्षण पुन्हा करावं लागतं.

काँक्रीट हा पदार्थ म्हणून समजायचा असेल तर नेव्हिल यांचं पुस्तक; पहिली आवृत्ती १९६३ ची, पाचवी २०११ ची. साइटसाठी एम. एस. शेट्टी जास्त सोयीचे. आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटशी रोज भांडणाऱ्याने शेट्टी आणि आयएस १०२६२ शेजारी शेजारी ठेवावेत, आणि वाळू-खडीचा आयएस ३८३ चा २०१६ चा नवा अवतारही, कारण नदीची वाळू जाऊन क्रश्ड सँड आल्यापासून स्लंपच्या (ओलं काँक्रीट किती सैल, याच्या) निम्म्या तक्रारी तिथेच उगम पावतात.

फाउंडेशनसाठी बोल्स यांचं पाचव्या आवृत्तीतलं (१९९६) पुस्तक अजूनही उत्तम, पण मुंबईत ते पुरत नाही. पाठ्यपुस्तकांचं प्रेम वाळू आणि चिकणमातीवर. इथे बहुतेक ठिकाणी थोडी भर, मुरूम, आणि मग कठीण किंवा कुजलेला बेसॉल्ट. बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) किंवा खाडीकाठी मऊ काळी सागरी माती, आणि पाइल खाली खडकात सॉकेट केलेले, म्हणजे रोवलेले. म्हणून खडकावरच्या उथळ पायासाठी आयएस १२०७० आणि खडकावरच्या बोअर्ड पाइलसाठी आयएस १४५९३ हे दोन लहान कोड जवळ ठेवा. पानं थोडी, पण सॉइल रिपोर्ट देणारा कन्सल्टंट एखाद्या साइटवर प्रत्येक बोअरहोलला वेगळी क्षमता देतो तेव्हा प्रश्न काय विचारायचे ते यातून कळतं.

बिलिंगवाल्यांसाठी, थोडक्यात

मोजमापाचा आयएस १२०० अनेक भागांत आहे. प्लास्टरचा नियम पाठ करा: अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या मोकळ्या जागेची वजावट नाही; अर्धा ते तीनमध्ये एका बाजूची वजावट; तीनच्या वर दोन्ही बाजूंची, आणि कडांचं प्लास्टर वेगळं मोजून मिळवायचं. ठेकेदाराशी होणाऱ्या अर्ध्या भांडणांचं मूळ इथे आहे. सळईच्या वजनाला व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सगळ्यांना माहीत असतं. वाकवण्याची लांबी कुठून येते ते आयएस २५०२ मध्ये बघा. दरांसाठी सार्वजनिक बांधकाम खात्याची आणि महापालिकेची दरसूची, दोन्हींचं साल निविदेच्या सालाशी जुळवून.

पायरी सहावी : जुन्या आवृत्त्या टाकू नका

इथवर ‘नवी आवृत्ती घ्या, नवी आवृत्ती घ्या’ असं सांगत आलो. ऑडिटच्या कामात नेमकं उलटं सांगावं लागतं. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५३ब प्रमाणे ३० वर्षांहून जुन्या इमारतीला नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला लागतो. मग ती इमारत सी-१, सी-२अ, सी-२ब की सी-३, म्हणजे पाडण्यायोग्य ते किरकोळ दुरुस्तीची यांतल्या कुठल्या वर्गातली, हे ठरतं. हे काम करणारा माणूस १९७२ ची इमारत २००० च्या कोडने तपासतो आणि ‘सगळंच कमी पडतंय’ असा रिपोर्ट देतो. रहिवासी घाबरतात, बिल्डर खूश होतो.

आयएस ४५६ चा पहिला अवतार १९५३ चा. मग १९५७, १९६४, १९७८ आणि २०००. लिमिट स्टेट १९७८ मध्ये आलं. त्याआधीची इमारत वर्किंग स्ट्रेसवर, बहुधा साध्या गोल माइल्ड स्टीलच्या सळईत आणि कमी ताकदीच्या काँक्रीटमध्ये. त्या डिझायनरने काय गृहीत धरलं होतं हे समजल्याशिवाय कुठे त्याने राखीव ताकद ठेवली आणि कुठे नाही, ते कळत नाही. म्हणून वर्किंग स्ट्रेसचं एक जुनं पुस्तक, १९६४ आणि १९७८ चे कोड, आणि इंच-पौंडातली जुनी स्टील टेबलं जपून ठेवा. गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या इमारतींत लाकडी तुळया आणि जिन्याखालच्या लोखंडी जॉइस्टची मापं मिलिमीटरच्या तक्त्यात सापडत नाहीत. एसपी १६ मधले फाय-वाय २५० चे (माइल्ड स्टीलच्या सळईचे) तक्ते नव्या कामाला कुणी उघडत नाही, पण इथे नेमके तेच लागतात.

सध्याची अवस्था मोजायला मात्र नवंच वापरा. अल्ट्रासॉनिक आणि रिबाउंड हॅमरच्या (काँक्रीट न फोडता करायच्या) चाचण्यांचे जुने आयएस १३३११ चे भाग आता आयएस ५१६ च्या पाचव्या भागात आले आहेत, आणि जुन्या आरसीसी इमारतींच्या भूकंप-मूल्यमापनासाठी आयएस १५९८८:२०१३ आहे. रिपोर्टात दोन रकाने करा: ‘बांधतानाचा कोड’ आणि ‘आजचा कोड’. रहिवाशांच्या सभेत हाच तक्ता सगळ्यात आधी वाचला जातो, आणि सोसायटीचे सेक्रेटरी ‘म्हणजे इमारत पाडायचीच का?’ विचारतात, तेव्हा बोट ठेवायला जागा असते.

पायरी सातवी : खरेदी, फूटपाथ आणि ग्रंथालयं

माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळच्या फूटपाथवर इंजिनिअरिंगची जुनी पुस्तकं मिळतात; व्हीजेटीआय हे इंजिनिअरिंग कॉलेज जवळ आहे, आणि सत्र संपलं की मुलं पुस्तकं विकायला काढतात, तेव्हा माल जास्त असतो. फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवर कधी कधी एखादं जुनं इंग्रजी हँडबुक सापडतं, ऑडिटवाल्यांनी तिथे नजर ठेवावी. घेताना तीन गोष्टी: आवृत्तीचं साल, पानं पूर्ण आहेत का, आणि परिशिष्टातले तक्ते फाडलेले तर नाहीत ना. तिसरी सगळ्यात जास्त फसवते; परीक्षेला तक्ते झेरॉक्स करायला म्हणून लोक पानंच काढून घेतात. कोड मात्र फूटपाथवरून घेऊ नका, पोर्टलवर मोफत आहेत.

महाग परदेशी पुस्तकांसाठी पवईच्या आयआयटीच्या किंवा तुमच्या जुन्या कॉलेजच्या ग्रंथालयात माजी विद्यार्थ्यांना प्रवेश आहे का ते विचारा. एक प्रकरण लागलं तर तिथे बसून वही भरणं जास्त शहाणपणाचं. नियतकालिकांत इंडियन काँक्रीट जर्नल १९२७ पासून चाललंय. एखादा विशेष प्रश्न अडला की जुने अंक चाळायला हरकत नाही.

पायरी आठवी : वही आणि कपाटाची निगा

सगळ्यात जास्त वापरलं जाणारं संदर्भपुस्तक तुमच्याच हाताने लिहिलेलं असतं. जाड वही घ्या, डावीकडे विषय, उजवीकडे कोड, साल, कलम, तक्ता. ‘कव्हर, किनारा : ४५६, तक्ता ३, ५, १६, १६अ.’ ‘कॉलम किमान बाजू : १३९२०:२०१६, कलम ७.’ आकडा शक्यतो लिहू नका, कलमच लिहा. म्हणजे दर वेळी कोड उघडावा लागतो आणि सुधारणा नजरेतून सुटत नाही. डिझाइन शीटच्या प्रत्येक ओळीला उजव्या समासात कलम क्रमांक लिहायची सवय लावली की प्रूफ चेकिंगची फेरी निम्मी होते.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत छापील पुस्तकांना बुरशी धरते. लोखंडी कपाट भिंतीला चिकटवू नका, मागे बोटभर हवा ठेवा, खालच्या फळीवर काही ठेवू नका. ओल्या हातांनी उघडलेली पानं दुसऱ्या दिवशी फुगतात. ऑफिसची पुस्तकं घरी नेणाऱ्यांसाठी दारात एक रजिस्टर टांगा: पुस्तक, नाव, तारीख. साइटवर नेलेला एसपी ३४ परत येताना सिमेंटने माखलेला येतो, त्याची एक झेरॉक्स प्रत साइटसाठी वेगळी बांधून ठेवा आणि मूळ प्रत कपाटातच राहू द्या.